रखडलेला खंड: वाट पाहण्याचा हिशेब वेगळा, पुस्तकाचा वेगळा

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या मोठ्या मालिकेतला वर्षानुवर्षे रखडलेला खंड बाजारात आला, की आठवडाभरात वाचकांत दोन तट पडतात. एकांच्या मते लेखकाने पुन्हा कमाल केली. दुसऱ्यांच्या मते इतकी वर्षे ताटकळत ठेवून शेवटी तोंडाला पाने पुसली. वर्तमानपत्रांत 'वाचक नाराज' असा मथळा पडतो आणि विषय तिथेच मिटतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कॉलेजची मुलेही आता या मालिका इंग्रजीतून वाचतात. पुढचा खंड घ्यावा की नाही, घेतला तर कसा वाचावा, हे त्यांना त्या मथळ्यावरून कळत नाही. नाराजी नेमकी कशाची, ती पुस्तकाची की थांबण्याची, आणि पुस्तकात दोष असेल तर तो कुठे शिरला, एवढे उलगडून सांगणारे परीक्षण हवे. ते करता येते, हे एका खंडावरून दाखवतो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेतला पाचवा खंड, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', त्यासाठी घेऊ. त्यात थांबण्याचा राग आणि खरे दोष असे दोन्ही आहेत आणि ते एकमेकांत पार गुंतले आहेत. पहिला खंड १९९६ चा, दुसरा १९९८ चा, तिसरा २००० चा. इथपर्यंत गाडी वेळेवर होती. चौथा आला २००५ मध्ये आणि पाचवा १२ जुलै २०११ रोजी. सहाव्याची वाट अजून चालूच आहे.

मधे काय झाले ते समजून घेतल्याशिवाय पाचव्या खंडावर बोलण्यात अर्थ नाही. तिसऱ्या खंडानंतर कथेतच पाच वर्षांची उडी घ्यायची, असा लेखकाचा मूळ बेत होता. मुले मोठी होतील, ड्रॅगन वाढतील, मग पुढची गोष्ट. लिहायला घेतल्यावर हा बेत काही पात्रांना मानवला आणि काहींना मानवेना. शिकत असलेल्या लहान मुलीची पाच वर्षे गाळता येतात. पण राजधानीत कारस्थाने करणाऱ्या राणीने किंवा उत्तरेच्या भिंतीवर नुकत्याच सेनापती झालेल्या तरुणाने पाच वर्षे काहीच केले नाही, असे कसे दाखवणार? सगळे आठवणींतून सांगायचे तर कादंबरीचा जीवच जातो. शेवटी लिहिलेले बरेचसे बाजूला ठेवून ती उडी रद्द करावी लागली. मग गाळायचे ठरवलेले प्रसंगच लिहिता लिहिता हस्तलिखित एवढे फुगले की एका पुठ्ठ्यात मावेना.

अशा वेळी कापायच्या दोन जागा असतात. काळावर कापले तर सगळी पात्रे दोन्ही खंडांत येतात, पण कुणाचीच गोष्ट पुरी होत नाही. ठिकाणावर कापले तर निम्म्या पात्रांची पूर्ण गोष्ट एका खंडात येते, उरलेल्यांची दुसऱ्यात. मार्टिन यांनी ठिकाणावर कापले. म्हणून 'अ फीस्ट फॉर क्रोज' या चौथ्या खंडात टिरियन, जॉन स्नो आणि डॅनेरिस या तीन मुख्य पात्रांच्या नावाचे एकही प्रकरण नाही (या मालिकेत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून येते). खंडाच्या शेवटी लेखकाने टीप जोडली होती, की उरलेल्या पात्रांचा खंड पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. प्रत्यक्षात सहा वर्षे गेली.

आमचे मत स्पष्ट आहे. ठिकाणावर कापण्याचा निर्णय बरोबर होता. ती टीप छापायला नको होती. वाचकांच्या रागाचा मोठा वाटा त्या टिपेच्या पदरात जातो, आणि तो पाचव्या खंडाच्या खात्यावर मांडला गेला.

आता थोडा हिशेब पाहा. पाचव्या खंडात ७३ प्रकरणे आहेत. त्यांतली जॉनची १३, टिरियनची १२, डॅनेरिसची १०, म्हणजे ३५ प्रकरणे या तिघांची. यांची याआधीची प्रकरणे तिसऱ्या खंडात होती, म्हणजे २००० सालची. पहिल्यापासून बरोबर असलेला वाचक टिरियनला तब्बल अकरा वर्षांनी भेटत होता. दुसरीकडे, एप्रिल २०११ मध्ये याच कादंबऱ्यांवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका सुरू झाली. ती बघून पुस्तकांकडे वळलेल्यांनी पहिले चार खंड एका दमात संपवले आणि जुलैत पाचवा उघडला. त्यांना टिरियनचा नदीतला लांबलचक प्रवास फार तर थोडा संथ वाटला. अकरा वर्षे थांबलेल्याला मात्र वाटले, की एवढ्यासाठी थांबलो आणि हा माणूस अजून होडीतच! पाने तीच, वाचक वेगळ्या भुकेचे. म्हणून परीक्षणकर्त्याने पहिल्याच ओळीत सांगावे, की तो कुठून आला आहे: थांबलेल्यांतला आहे, की सलग वाचत आलेला.

पण सगळी तक्रार थांबण्याचीच आहे असे म्हणून लेखकाला सोडून देणेही चूक. या खंडात एक मोठा रचनेचा दोष आहे. मीरीन नावाच्या शहराकडे चारी दिशांनी माणसे निघालेली आहेत: कुणी आरमार घेऊन, कुणी लग्नाचा प्रस्ताव घेऊन, कुणी भाडोत्री फौजेच्या आडून, कुणी गुलाम म्हणून विकला जाऊन. कोण आधी पोचणार, तिथल्या राणीच्या, म्हणजे डॅनेरिसच्या लग्नाआधी की नंतर, यावर पुढचे सगळे अवलंबून. एकाचा क्रम हलवला की इतरांचे धागे सुटतात. लेखकाने स्वतः याला मीरीनची गाठ म्हटले होते. राणीचा म्हातारा अंगरक्षक बॅरिस्टन सेल्मी याला स्वतःची चार प्रकरणे दिली तेव्हा ती बऱ्यापैकी सुटली, कारण राणी नसताना शहरात काय चालले आहे हे पाहणारे डोळे मिळाले. इथपर्यंत काम उत्तम आहे. मग पुस्तकभर ज्यांची तयारी चालली त्या दोन लढाया, एक उत्तरेच्या बर्फातली आणि एक मीरीनच्या वेशीवरची, खंडात आल्याच नाहीत. त्या सहाव्यात ढकलल्या.

केळीची बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. निसवण होण्याच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या बऱ्याच आधी खोडाच्या आत घड धरलेला असतो; वरून नुसती पाने दिसतात, पण बाग रिकामी नसते. मालिकेतल्या मधल्या खंडाला संथ म्हणून नावे ठेवणे म्हणजे निसवणीआधी घड मागणे. पाचव्या खंडाचे पहिले दोन तृतीयांश असेच आहे, तिथली तक्रार आम्हाला मान्य नाही. पण घड बाहेर यायच्या बेताला आला आणि पुस्तक संपले, ही तक्रार रास्त आहे, आणि तिचा थांबण्याशी काही संबंध नाही. आज सलग वाचणाऱ्यालाही ती उणीव तशीच लागते.

तिसरी एक तक्रार नेहमी कानावर येते: 'तेच तेच पुन्हा सांगितले.' वारंवार येणाऱ्या काही ठरावीक वाक्यांपुरती ती खरी आहे, संपादकाने ती कमी करायला हवी होती. पण एका जागी ही तक्रार साफ चुकते, आणि ती जागा जवळून पाहण्यासारखी आहे. (ज्यांना हे खंड अजून वाचायचे आहेत, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

भिंतीवरचा सेनापती जॉन आपल्या मित्राला, सॅमला, दूरच्या विद्यापीठी धाडतो; सोबत वृद्ध पंडित एमन, गिली आणि तिचे तान्हे बाळ. हा प्रसंग चौथ्या खंडात सॅमच्या नजरेने येतो आणि पाचव्यात जॉनच्या. संवाद बहुतेक तेच. घाईने वाचणारा इथे पाने उलटतो. चौथ्या खंडात सॅमला दिसतो एक अचानक कठोर झालेला मित्र. पुढे जहाजावर गिली रात्रंदिवस रडत राहते, सॅमला कारण कळत नाही, आणि मग उलगडते की तिच्या मांडीवरचे बाळ तिचे नाहीच. पाचव्या खंडात तोच दिवस जॉनच्या बाजूने उघडतो. राजरक्ताचे म्हणून दुसरे एक बाळ आगीत बळी जाईल या भीतीने गिलीला धाक घालून बाळांची अदलाबदल त्यानेच करवली आहे, आणि ती लपवून तो सॅमशी बोलतो आहे. आता तीच वाक्ये वाचा. प्रत्येक शब्दाखाली एक न बोललेली गोष्ट ऐकू येते. एका गोष्टीचे दोन खंड ठिकाणावर कापल्यामुळेच हे साधले.

यातून एक व्यावहारिक सल्ला निघतो. चौथ्या आणि पाचव्या खंडांतली प्रकरणे काळाप्रमाणे एकत्र गुंफून वाचण्याचे तक्ते हौशी वाचकांनी तयार केले आहेत. दुसऱ्या वाचनाला ते छान आहेत. पहिल्या वाचनाला वापरू नयेत, कारण जॉनचे प्रकरण जहाजाच्या आधी वाचले की गिलीच्या रडण्याचे कोडे राहतच नाही.

प्रत्येक रखडलेल्या खंडाचे दुखणे मात्र वेगळे असते, सगळ्यांना एकच औषध चालत नाही. रॉबर्ट जॉर्डन यांच्या कालचक्राच्या ('द व्हील ऑफ टाइम') मालिकेतला दहावा खंड जानेवारी २००३ मध्ये आला तेव्हाही वाचक असेच चिडले होते. तिथे नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्याचा मोठा भाग त्याच काळात इतर पात्रे दूर कुठे काय करत होती हे सांगण्यात जातो. दोन वर्षांहून जास्त थांबून घड्याळाचा काटा जागचा हलला नाही, हा तो राग. आज चौदाही खंड कपाटात असताना तोच भाग चार दिवसांत ओलांडून जातो. जॉर्डन २००७ मध्ये वारले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवट लिहिला. एका खंडात व्हायचा तो २००९, २०१० आणि २०१३ अशा तीन खंडांत झाला.

त्याच सँडरसन यांच्या स्वतःच्या 'द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' या मालिकेचा पाचवा खंड डिसेंबर २०२४ मध्ये आला. तेरा-चौदाशे पाने आणि त्यांत कथेचे दहा दिवस. तिथली मुख्य तक्रार भाषेची होती: भाले आणि शपथांच्या जगातली माणसे आजच्या मानसोपचाराच्या शब्दांत बोलतात. ही आम्हाला कारागिरीची खरी तक्रार वाटते. मराठी अनुवादकाला ती पहिल्या पानापासून जाणवेल. भालाईताच्या तोंडी 'समुपदेशन' हा शब्द घालून पाहावा. सरकारी पत्रक वाचल्यासारखे वाटते. 'मनातले बोलून मोकळा हो' म्हटले की तोच माणूस त्याच्या जगात परततो.

खानदेशाला हा अनुभव परका नाही. अद्भुताचा प्रांत सोडून बोलायचे तर यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची 'झूल' १९७९ ची आणि 'हिंदू' २०१० ची. एकतीस वर्षांचे अंतर. कुणाला ती महाकादंबरी वाटली, कुणाला पसरट. 'कोसला'चा किंवा 'झूल'मधल्या चांगदेवचा सूर मनात धरून बसलेल्यांना 'हिंदू'तल्या खंडेरावाचा सूर लागेना, आणि 'हिंदू'पासूनच सुरुवात करणाऱ्यांना ती अडचण आलीच नाही. तेव्हाही परीक्षणांत हा फरक सांगायचा राहून गेला.

नवा खंड हातात घेण्याआधी वाचकाने काय करावे? मागचे सगळे पुन्हा वाचायला वेळ नसतो, आणि इंटरनेटवरचा सारांश वाचायला गेले की पुढचे काहीतरी फुटतेच. मार्टिन यांच्या मालिकेत बहुतेक प्रकरणांना पात्राचे नाव असते, त्यामुळे निवडून वाचणे सोपे जाते. पाचव्या खंडाआधी तिसऱ्यातली टिरियन, जॉन आणि डॅनेरिस यांची शेवटची तीन-चार प्रकरणे वाचावीत. ती साधारण दीडशे पाने होतात. रोज तीस पाने धरली तर पाच दिवस. नुसता चौथा खंड पुन्हा वाचून पाचव्याकडे वळणारे फसतात, कारण ही तिघे चौथ्यात नाहीतच. सोबत एक वही असावी: पात्र, शेवटचे ठिकाण, आणि त्याला काय ठाऊक आहे. हा तिसरा रकाना सर्वांत कामाचा. कोण मेला हे वाचकाला माहीत असते, पात्राला नसते, आणि अर्धे गैरसमज तिथेच होतात. पाचव्या खंडात काही प्रकरणांना नावाऐवजी उपाधी दिली आहे. ते पात्र कोण हे आधी शोधायला जाऊ नये, ते उलगडणे हाच त्या प्रकरणांचा आनंद आहे. मागे घराण्यांची यादी जोडलेली असते, तिथे खुणेचा कागद घालून ठेवावा.

अनुवादाबद्दल थोडे. अशी मालिका मराठीत आणताना खंडागणिक अनुवादक बदलला तर घात होतो, कारण संज्ञा बदलतात आणि वाचकाला वाटते की नवे पात्र आले. पहिल्या खंडाबरोबरच संज्ञांची यादी पक्की व्हावी आणि ती प्रकाशकाकडे राहावी. राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याला 'राजाचा हात' म्हणायचे की 'मुतालिक'? आमचे मत मुतालिकाकडे आहे. शिक्क्याचा अधिकार असलेला प्रतिनिधी हा अर्थ त्या शब्दात मराठी इतिहासानेच भरून ठेवला आहे. या मालिकेत अनौरस मुलांना प्रदेशाप्रमाणे आडनाव मिळते: उत्तरेत स्नो, दक्षिणेच्या वाळवंटी भागात सँड, नद्यांच्या प्रदेशात रिव्हर्स. ही तशीच ठेवली तर पहिल्या खंडात एकदा अर्थ सांगावाच लागतो, नाहीतर चौथ्या खंडात सँड आडनावाच्या मुली येतात तेव्हा त्यांच्या नावातच काय सांगितले आहे ते मराठी वाचकाला कळत नाही. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाला मराठीत 'परीस' हा शब्द लाभला, तेव्हा लोखंडाचे सोने करणारा दगड म्हणजे काय हे वेगळे समजावायची गरज उरली नाही. एक नेमका शब्द पानभर तळटीप वाचवतो.

आपल्या रविवार पुरवणीकडे आमची मागणी एवढीच. सहावा खंड येईल तेव्हा दुसऱ्या दिवशी परीक्षण छापू नये. हजार पानांचे पुस्तक रात्रीत वाचून लिहिलेले मत म्हणजे पहिल्या शंभर पानांचे मत. तीन आठवडे थांबून दोन परीक्षणे शेजारी शेजारी छापावीत, एक २०११ पासून थांबलेल्याचे आणि एक सगळे खंड सलग वाचून आलेल्याचे. दोघांनाही जे खटकले ते बहुधा पुस्तकात आहे. फक्त पहिल्याला खटकले ते बहुधा थांबण्यातून आले आहे. मथळ्यात कोण मेले ते येऊ देऊ नये. अनुवादाचे परीक्षण असेल तर मूळ कथेबद्दल कमी आणि मराठीबद्दल जास्त लिहावे.

आणि वाचनालयांना एक विनंती, कारण इथे पैसे खर्च होऊनही वाचकाची पंचाईत होते. भारतात मिळणाऱ्या पेपरबॅक संचात या पाच कादंबऱ्यांची सात पुस्तके आहेत. तिसरा आणि पाचवा खंड प्रत्येकी दोन भागांत आहेत. पाचव्याच्या दुसऱ्या भागाच्या मुखपृष्ठावर 'आफ्टर द फीस्ट' असे उपशीर्षक आहे. त्यामुळे चौथा 'फीस्ट' वाचून झालेल्याला हाच पुढचा खंड, असे सहज वाटते, आणि तो पाचव्याचा पहिला अर्धा भाग गाळून थेट मधूनच सुरू करतो. मग 'काही कळत नाही' म्हणून पुस्तक परत येते. सुटी पुस्तके खरेदी करताना दोन्ही भाग एकदमच मागवावेत, दाखल नोंदवहीत ५-अ आणि ५-आ असे लिहावे आणि तोच क्रमांक पुस्तकाच्या कण्यावर चिकटवावा. एवढी जाड पुस्तके नुसत्या गोंदावर बांधलेली असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, ती मधोमध उकलतात आणि पानांचे गठ्ठे सुटतात. नवे पुस्तक कणा खाली टेकवून टेबलावर उभे धरून पुढून थोडी आणि मागून थोडी पाने आळीपाळीने उघडत मध्यापर्यंत जावे, म्हणजे कण्यावर एकाच जागी ताण येत नाही. कणा उकलायला लागला की चिकटपट्टी न लावता बाइंडरकडून शिवून पुठ्ठा बांधणी करून घ्यावी. फक्त कातरताना आतला समास फार जाऊ देऊ नये, नाहीतर ओळींची टोके शिवणीत जातात. आणि हे पुस्तक नेहमीच्या मुदतीत संपत नाही, तेव्हा ५-अ परत करणाऱ्याच्या नावावर ५-आ आधीच राखून ठेवावे.

आपले,
काही मालिकावाचक,
अमळनेर, जि. जळगाव